मागची खोली

मी आरोग्यसेवक आहे. खेड्यापाड्यांत मला डाक्टर म्हणतात, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही कोणाला ते सुधारून दिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगायचं आहे त्याचं मूळ यातच कुठेतरी आहे, असं अलीकडे वाटायला लागलंय.

घर आमचं आंधळगावचं, हातमागवाल्यांचं. वडील दिवसभर मागावर बसत. मागाच्या खडखडाटात बोलायची सोय नसे, त्यामुळे असेल, आमच्या घरात कोणी फारसं बोलत नाही. मी तर नाहीच. मी ऐकतो. ऐकता ऐकता समोरचा काय लपवतोय याचा अंदाज बांधायची सवय लागली, आणि नोकरीत ती कामाची आहे असं मी धरून चाललो. ताप आला का विचारलं की लोक नाही म्हणतात. दारू पिता का, नाही. गोळ्या पूर्ण खाल्ल्या का, हाव. आपण चेहरा बघायचा आणि उत्तर उलटं करून घ्यायचं. बऱ्याचदा ते बरोबर निघतं. बऱ्याचदा बरोबर निघतं, हाच त्यातला धोका आहे.

माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत, करडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की एक टोली लागते. टोली म्हणजे मुख्य गावापासून सुटी पडलेली वस्ती. ही गोंडांची, जंगलाच्या कडेला. जमीन सरकारदप्तरी झुडपी जंगल म्हणून लागलेली, त्यामुळे तिथे काही बांधायचं म्हटलं की कोणत्या तरी टेबलावर फाइल अडकायची. अंगणवाडी एका पडवीत भरायची. आमचं उपकेंद्रसुद्धा मुख्य गावात, भाड्याच्या खोलीत. टोलीतल्या बाईला नुसतं वजन करून घ्यायचं तरी धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चिखल तुडवत यावं लागे, आणि पावसाळ्यात ती येतच नसे. मग आम्ही लिहायचो, लाभार्थी उदासीन.

बरीच वर्षं अडून राहिलेली घरकुलं शेवटी तिथे मंजूर झाली. टोलीच्या तोंडाशी जे पहिलं घर आहे, त्यांचंही झालं. नवराबायको, दोन बैल, शेळ्या. एकच लेक, तिचं लग्न होऊन ती तिकडे सिहोऱ्याच्या बाजूला गेलेली. त्यांनी जुन्या मातीच्या घराची ओसरी आणि मधली खोली पाडून तिथे घरकुल उभं केलं. एक खोली, कोपऱ्यात ओटा, वर स्लॅब. मागची खोली मात्र त्यांनी पाडली नाही. शेणामातीने सारवलेल्या भिंती, कवेलूचं छप्पर, वाकून जावं लागेल इतकं बुटकं दार. घरकुलाच्या पाठीला ती चिकटून होती.

एका पावसाळ्यात डेंगूच्या अळ्या शोधायला मी तिथे गेलो. घरातली पाण्याची भांडी तपासायची, साचलेलं पाणी ओतून द्यायला लावायचं, हे आमचं दरवर्षीचं काम. बरोबर दोन हंगामी मजूर होते. घरकुलातला माठ बघितला, अंगणातलं टाकं बघितलं, आणि मी मागच्या दाराकडे वळलो. त्या घरची बाई, लेकीची माय, आडवी आली.

"आतनी नाई, डाक्टर भाऊ. आत देव हाये."

"मी देवाले हात नाई लावत. पानी पाहतो फक्त."

"पानी नाई तिथं. दुसऱ्या देवाचा मानूस आत नाई जात."

मागून एक मजूर म्हणाला, "डाक्टरचा देव कोनता हाये, ते त इचार ना बाई."

दोघेही हसले. बाईलाही थोडं हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला. मी हसलो नाही. त्या बुटक्या दारातून वास येत होता, वाळवून ठेवलेल्या मोहफुलांचा, गोडसर आणि आंबूस. मोह कोणाच्या घरात नसतो? चैतात सगळं जंगल वेचायला जातं. हे मला ठाऊक होतं. तरी दार अडवणारी बाई आणि आतून येणारा वास, एवढ्यावर माझ्या डोक्यात उत्तर तयार झालं. देव हे निमित्त आहे. आत दारूची भट्टी नाहीतर माल आहे.

खरं सांगायचं तर मला तसं वाटावं असं वाटत होतं. दोन मजुरांच्या देखत मला दारात थांबवलं गेलं होतं. आमच्या घरी वडिलांच्या मागाजवळ चप्पल घालून कोणी आलं तर ते मान वर न करता त्याला बाहेर घालवत. मग तो सावकार असो की मास्तर. त्यात मला कधी काही लपवाछपवी दिसली नव्हती. इथे दिसली.

त्यानंतर काही दिवसांनी आरोग्य केंद्रासमोरच्या टपरीवर आम्ही तिघं चहाला होतो. मी, घरकुलांची पाहणी करणारा कंत्राटी इंजिनियर, आणि पोलीस ठाण्याचा बीट जमादार. इंजिनियर वैतागलेला होता.

"त्या टोलीतल्या पहिल्या घराचा फोटो वरून वापस आला," तो म्हणाला. "मागं जुनं घर दिसून राहिलं म्हनते. पाडून टाका म्हनलं त देव हाये म्हनते."

"आजकाल देव लई जागी निघून राहिले," जमादार म्हणाला.

मी बोलणारा माणूस नाही, हे आधीच सांगितलं. त्या दिवशी मी बोललो. "देव असन. पन वास मोहाचा येते."

इंजिनियर हसला. जमादाराने बशीतल्या चहावर फुंकर मारली आणि वर न बघता विचारलं, "तुमी गेलते का आत?"

"आत कोन जाऊ देते," मी म्हणालो.

एवढंच. यापेक्षा एक शब्द जास्त नाही. मी ते मनात इतक्या वेळा मोजून पाहिलंय की आता मला खात्री आहे. तक्रार नव्हती, नाव घेतलं नव्हतं, चहाचे पैसेसुद्धा जमादारानेच दिले. टपरीवरून उठताना मला बरं वाटत होतं, हे मात्र आठवतं. आपण काहीतरी ओळखलंय आणि ते योग्य कानावर घातलंय, असं बरं.

पुढचं मला आमच्या आशाताईने सांगितलं. ती मुख्य गावातल्या बौद्ध वस्तीतली, माझ्यापेक्षा लहान, बोलकी. आशा स्वयंसेविका म्हणून टोली तिच्याकडेच होती. सुरुवातीला तिथल्या बाया तिला ओसरीच्या खालीच उभी ठेवायच्या. सरकारी बाई म्हणजे काहीतरी न्यायला आलेली, अशी त्यांची समजूत. लोकांचे अंगठे न्यायला, पोरं सुया टोचायला न्यायला, बायका ऑपरेशनला न्यायला. ताईने ते सगळं हळूहळू मोडून काढलं होतं. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती त्यांच्या बांधीत उतरून रोवणा लावायची आणि लावता लावता कोणाची पाळी चुकली ते विचारून घ्यायची. आता त्या तिला स्वतःहून हाक मारत.

त्या दिवशी ती उपकेंद्रात आली आणि पिशवी टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"सर, टोलीत पोलीस येऊन गेले. पह्यल्या घरी. बूट घालून मागच्या खोलीत घुसले म्हनते."

"काय भेटलं?"

मी हेच विचारलं. आधी हेच.

"देवापुढं ठेवलेली एक बाटली. पूजेची. अन टोपलीभर मोह. घरच्या मानसाले ठान्यात नेलं होतं, सांजच्याले सोडलं."

म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता, असंही मला क्षणभर वाटलं. बाटली निघाली होती. ताई पुढे बोलत होती, तिचा आवाज बदलला होता.

"बाया मले अंगनात पाय ठेवू देऊन नाई राहिल्या. त्याईची लेक आली न माहेराले, पह्यल्या बाळंतपनाले. तिचं नाव सासरच्या गावाले नोंदलेलं हाये. म्हनून मी परवा तिच्या कार्डाचा फोटो काढला मोबाइलवर, तिकडच्या सिस्टरले पाठवाले. अन दुसऱ्याच दिवशी पोलीस. बाया म्हनतेत, तूनंच घराचा फोटो पाठवला ठान्यात. सर, कोनं सांगतलं असन?"

मी समोरच्या लसीच्या डब्याचं झाकण बंद केलं. ते बंदच होतं, मी ते पुन्हा दाबलं.

"फोटो काढाले नव्हता पाहिजे, ताई," मी म्हणालो.

तो टपरीवरचा शब्द मी एकवेळ स्वतःला माफ केला असता. बोलण्याच्या भरात माणूस बोलतो. हा शब्द तसा नव्हता. ती मान खाली घालून म्हणाली, "हाव, चुकलंच माझं," आणि मी तिला तसं म्हणू दिलं.

त्यानंतर माझं मन थाऱ्यावर नव्हतं, पण ते पश्चात्तापाने नव्हतं. मी लोकांचे चेहरे बघायला लागलो. जमादार कोणाला बोलला असेल का? टपरीवाल्याने ऐकलं होतं का? ते मजूर? टोलीतला कोणी बाजारात दिसला आणि नमस्कार न करता गेला की मी ते दिवसभर चघळायचो. नमस्कार केला तर जास्तच. एवढ्या मोठ्याने रामराम काहून घातला यानं?

भाद्रपद लागला होता. एकदा पुढच्या गावाहून परतताना मी टोलीवरून मोटरसायकल काढली. पहिल्या घराच्या कोठ्यात, बैलांच्या बाजूला, बाज टाकलेली दिसली. बाजेवर ती लेक बसलेली, पोट चांगलं दिसत होतं. घरकुलाचं दार समोर सताड उघडं, आत कोरडी फरशी, आणि पोरगी गुरांच्या कोठ्यात. मच्छरदाणी नाही. शेणामुताचा चिखल बाजेच्या पायांपर्यंत आलेला.

मी ताईला म्हणालो, "पोरीचं सासरी काही बिनसलं दिसते. घरातून काढून कोठ्यात टाकलं तिले."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "काढलं नाई, सर. पोलिसाईच्या बुटानं ते खोली बाटली ना. मंग देव उचलून घरकुलात आनून ठेवला. त्याईच्यात लग्न झालेली लेक बापाच्या देवाच्या खोलीत नाई जात. तिचा देव नवऱ्याचा. आता घरकुलात एकच खोली, तिथं देव बसला, त पोरगी कुठं झोपन?"

"किती दिवस असं?"

"नव्याच्या सनापर्यंत. नवं धान निघालं का त्याईचा भुमका येते, तो खोली शुद्ध करन, मंग देव वापस जाईन."

भुमका म्हणजे त्यांचा पुजारी. धान अजून हिरवं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकामागे एक दारं उघडत होती. माझा शब्द, जमादार, बूट, देव, बाज. सरळ रेष होती. दुसऱ्या कोणाची चूक मध्ये बसवायला जागाच नव्हती. घरकुलाला दुसरी खोली असती तर, हा एक विचार मला सुचला आणि मी त्याला बराच वेळ धरून बसलो. नकाशा काढणाऱ्याला असा देव असतो हे ठाऊक नसणार. पण मला तर त्या बाईने दारात उभं राहून सांगितलं होतं.

आणखी काही दिवसांनी ताई पुन्हा आली. हापशीवर पाणी भरणाऱ्या बायांकडून तिने ऐकलं होतं. लेकीला थंडी वाजून ताप येतोय, एक दिवस आड.

"सर, तुमी जाऊन रक्त तपासा. मले येऊ देत नाई. तुमाले कोनी काही म्हनलं नाई अजून."

अजून. मी त्या शब्दावर अडखळलो. "तिची नोंद सासरची ना? तिकडच्या उपकेंद्राले कळवा ना."

"कळवलं. ते म्हनतेत, बाई तुमच्याकडं हाये त तुमीच पहा."

गरोदर बाईला मलेरिया म्हणजे काय, हे मी प्रशिक्षणात शिकलोय, दुसऱ्यांना शिकवलंय. दुपारी तपासणीची किट पिशवीत घातली आणि निघालो. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं, रेघा बघायच्या. त्याला डाक्टर लागत नाही, मीसुद्धा चालतो. टोलीच्या तोंडाशी एक माणूस बांबू सोलत बसला होता. त्याने विळा थांबवला.

"कोनाकडं जाऊन राहिले, डाक्टर?"

"असंच. पुढं."

"पुढं त जंगल हाये."

त्याने हे हसून म्हटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मला त्याचा विळा दिसला. याला कळलंय, असं वाटलं. सगळ्यांना कळलंय आणि मी आत जायची वाट बघतायत. कोठा तिथून हाकेच्या अंतरावर होता, बाजेवरची गोधडी दिसत होती. मी मोटरसायकल वळवली. ताईला सांगितलं, घरी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच एकशे दोनला फोन करून गाडी बोलावली आणि मग मला फोन केला. पोरगी रात्रीपासून बरळत होती. मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका टोलीच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्याजवळ कोणी जात नव्हतं. बाया कोठ्यासमोर ओळीने उभ्या. ताई गाडीच्या दाराशी, हात जोडलेले.

"गाडी नोको," माय म्हणत होती. "मागच्या टायमालेबी हेच घेऊन आली होती गाडी."

"ते पोलिसाची होती वो माय. हे दवाखान्याची हाये."

"सरकारचीच न?"

एक म्हातारी ताईला म्हणाली, "आज फोटो नाई काढत का वो? काढ ना. कोठ्याचा काढ."

बाप एका पुतण्याला मोटरसायकल काढायला सांगत होता. पोरीला मध्ये बसवून सिहोऱ्याकडे, सासरच्या गावी न्यायचं ठरत होतं. ती मोटरसायकलवर बसूच शकली नसती. गोधडीखाली तिचे पाय थरथरत होते आणि डोळे उघडे असून कोणाकडे बघत नव्हते. ड्रायव्हर घड्याळ बघत म्हणाला, "येनं असन त या बाप्पा, मले दुसरा कॉल हाये."

ताई माझ्याकडे वळली. मी काहीतरी सरकारी बोलेन आणि लोक ऐकतील अशी तिला आशा होती. तिच्या चेहऱ्यावर संशय अजिबात नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताईनं नाई सांगतलं पोलिसाले," मी म्हणालो. "मी सांगतलं."

कोणाला नीट कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. "जमादाराले मी सांगतलं. टपरीवर. तुमच्या खोलीतून मोहाचा वास येते म्हनून. ताईच्या फोटोचं काही नाई त्याच्यात."

बापाने पुतण्याच्या खांद्यावरचा हात काढला. म्हातारीने ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली. कोणी मला शिवी दिली नाही. ती मिळेल या तयारीने मी उभा होतो आणि ती आली नाही.

माय पुढे झाली आणि ताईच्या दंडाला धरून म्हणाली, "तू बस गाडीत तिच्या संग. हा नोको."

पोरीला बाजेसकट उचललं. गाडी निघाली, आणि मी तिच्या मागे मोटरसायकलवर. आरोग्य केंद्रात तपासणी झाली. मलेरिया, त्यातला वाईट प्रकार. तिथून लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. पोरगी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. कधी गेलं, हे सांगता आलं नाही. मी एका डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, आदल्या दिवशी दुपारी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर? तो दमलेला होता. म्हणाला, काही सांगता येत नाही. हे उत्तर मी दोन्ही बाजूंनी वापरून पाहिलंय. रोज एकेका बाजूने.

संध्याकाळी वॉर्डाबाहेर बाप भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मी जरा अंतरावर उभा होतो. त्याने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मग त्याने विचारलं.

"काहून सांगतलं?"

उत्तरं माझ्याकडे तयार होती. बेकायदेशीर दारूने माणसं मरतात, आमचं काम आहे, सहज बोलून गेलो. ती सगळी तोंडापर्यंत आली.

"मले आत जाऊ नाई दिलं म्हनून," मी म्हणालो.

तो विचारात पडल्यासारखा दिसला. मग लहान मुलाला समजवावं तसं, आवाज न चढवता म्हणाला, "माह्या पोरीलेबी नाई जाऊ देत आमी."

आणि पुढे म्हणाला, "तिनं नाई केला कधी राग."

परतताना ताई माझ्या मागे मोटरसायकलवर होती. दुसरी सोय नव्हती. वाटेत तिने एकच विचारलं, "मंग फोटोचं मले काहून म्हनलं होतं, सर?" वारा होता, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मी म्हणालो, माझ्यावर येऊ नये म्हणून. ती तिच्या घराच्या वळणावर उतरली आणि पदर सारखा करून गेली. पुढचे काही महिने ती माझ्याशी फक्त कामाचं बोलायची. आता बरी बोलते, पण माझ्यासमोर कोणाबद्दल काही सांगायचं असलं की थांबते. ते मला कळतं.

टोलीच्या पंचांपुढे मला तेच सगळं पुन्हा सांगायला लागलं, झाडाखाली, सगळ्यांच्या देखत. नव्याच्या सणाला खोली शुद्ध झाली, देव परत गेला. मी इंजिनियरकडे गेलो आणि म्हणालो, ती मागची खोली देवाची आहे, ती पाडायला लावू नका, वर तसं लिहा. त्याने मला खालून वर बघितलं.

"तवा त तुमीच म्हनत होते वास येते. आता काय भेटलं तुमाले त्याईच्याकडून?"

ग्रामसभेतही बोललो. बोलता येत नाही, तरी बोललो. ज्यांचं घरकुल अजून व्हायचं आहे त्यांच्या घरामागे वेगळी खोली राहू द्या, नाहीतर देव आणि लेक एका खोलीत मावत नाहीत. काही जण हसले. कोणीतरी मागून म्हणालं, डाक्टर आता गोंड झाला. पण इंजिनियरने शेवटी लिहिलं, कसं लिहिलं ते मला माहीत नाही. त्यानंतरच्या घरकुलांमागे कवेलूच्या खोल्या उभ्या आहेत. टोलीतच महिन्यातून एकदा तपासणी व्हायला लागली, पडवीत, बायांना चिखल तुडवत यावं लागत नाही. हे सगळं माझ्यामुळे झालं असं कोणी म्हणत नाही आणि ते बरोबर आहे. पावती म्हणून मी ते इथे सांगत नाही. मी स्वतःवरही फार विश्वास ठेवत नाही आता. मी ते त्यांच्यासाठी करतो की रात्री झोप यावी म्हणून, हे मला उलगडलेलं नाही.

टोलीत मला अंगणापर्यंत जाता येतं. बाज टाकतात. बसायच्या आधी पिशवी उघडून दाखवायला सांगतात. मी एकेक वस्तू बाहेर काढतो, सुया, पट्ट्या, कापूस, गोळ्यांची पाकिटं. एखादी बाई मोबाइल कुठे आहे विचारते. मी तो काढून बाजेवर उलटा ठेवतो.

यंदा ती लेक पुन्हा माहेरी आली, पुन्हा दिवस गेलेले. सातवा. घरकुलात झोपते, ताईने स्वतः खिळे ठोकून मच्छरदाणी बांधून दिली. मागच्या आठवड्यात तिला रात्री कणकण आली आणि मायने सकाळीच ताईला निरोप धाडला. ताईने मला बोलावलं, कारण किट माझ्याकडे असते. रक्ताचा थेंब ताईने आत घेतला आणि पट्टी दारातून माझ्या हातात दिली. मी अंगणात बाजेवर बसून वाट बघत होतो. माय उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती, नजर न हलवता. पलीकडे बाप बैलांना पाणी दाखवत होता आणि त्याचंही लक्ष इकडेच होतं.

एकच रेघ उमटली. मी आणखी थांबलो, पट्टी उजेडात धरून बघितली. एकच होती.

"काही नाई," मी म्हणालो. "मलेरिया नाई."

माय उठली. तिने पट्टी माझ्या बोटांतून काढून घेतली आणि आत वळून ताईपुढे धरली.

"बराबर सांगून राहिला का वो हा?"

ताईने पट्टी दाराशी आणली, नीट बघितली. मी बाजेवर तसाच बसून होतो.

"हाव माय," ती म्हणाली. "बराबर हाये."